अणुभट्टी की सोलर? लोड डिस्पॅचच्या खुर्चीतून मांडलेला हिशेब

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: "सौर वीज अडीच रुपयांना मिळते म्हणतात, नवी अणुवीज सहा-सात रुपयांना पडेल म्हणतात. मग जैतापूरसारखे प्रकल्प हवेतच कशाला? दुसरीकडे काही जण ठासून सांगतात की सूर्य-वाऱ्यावर देश चालत नाही, अणुऊर्जेला पर्याय नाही. खरं काय? आणि दहावीच्या मुलांना मी नेमकं काय सांगू?"

सर, मी अणुशास्त्रज्ञ नाही आणि सोलर कंपनीचा माणूसही नाही. नोकरीतली बहुतेक वर्षं लोड डिस्पॅचमध्ये गेली. तिथलं काम सांगायला सोपं आहे: या क्षणी लोक जेवढी वीज ओढतायत तेवढीच तयार होतेय ना, हे बघत राहायचं. समोर भिंतीवर फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे विजेच्या कंपनांचा आकडा असतो, तो ५० हर्ट्झच्या आसपास राहायला हवा. तो ४९.९० च्या खाली घसरला की फोन वाजू लागतात, ५०.०५ च्या वर गेला तरी वाजतात. त्या खुर्चीत काही वर्षं काढली की विजेचा दर ही दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट वाटायला लागते. वीज विकायला आलेल्या माणसाला आम्ही पहिल्यांदा विचारतो, किती वाजता देणार?

तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर याच सवालाभोवती फिरतं, म्हणून आधी तो अडीच रुपयांचा आकडा घेऊ.

आकडा खरा आहे. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातल्या भडला सोलर पार्कच्या लिलावात दर २ रुपये ४४ पैशांवर आला तेव्हा आमच्या कार्यालयात कुणाचा विश्वास बसेना. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. पण ही किंमत दुपारच्या विजेची आहे. नारायणगावच्या बाजारात सगळ्यांचा टोमॅटो एकाच दिवशी उतरला की भावाचं काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सोलरचं तसंच आहे. सगळी पॅनेलं सकाळी नवाला जागी होतात, बाराला भरात येतात आणि सहाच्या सुमाराला एकदम हात वर करतात. घरातले दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही त्याच वेळी चालू होतात.

सरकारनेही हे मान्य केलंय. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. वेळेनुसार दर लावताना सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज निदान २० टक्के स्वस्त आणि मागणी चढते त्या तासांत १० ते २० टक्के महाग असावी, असं त्यात आहे. म्हणजे दुपारचं युनिट आणि रात्री आठचं युनिट हे दोन वेगळे जिन्नस आहेत, हे आता कायद्यानेच लिहून ठेवलंय.

आता अणुवीज. तिची ताकद कशात आहे ते आधी मोकळेपणाने सांगतो, कारण कोकणात या विषयावर बोलताना लोक पहिल्या वाक्यातच बाजू घेतात. कर्नाटकातल्या कैगा केंद्राचा पहिला संच २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाला तो २०१८ च्या ३१ डिसेंबरला थांबवला. सलग ९६२ दिवस, तेव्हाचा जागतिक विक्रम. शेड्यूल, म्हणजे कुणी कधी किती वीज द्यायची याचं वेळापत्रक, करणाऱ्या माणसाला असा संच म्हणजे घरातल्या मोठ्या सुनेसारखा असतो, त्याच्याकडे वळून बघावं लागत नाही. इंधनही किती थोडं लागतं बघा. आपल्या स्वदेशी, जड पाण्याच्या भट्ट्यांत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून साधारण ५० हजार युनिट निघतात. तेवढ्या विजेसाठी कोळशाच्या केंद्रात पस्तीसेक टन कोळसा, म्हणजे दोन ट्रक भरून, जाळावा लागतो. महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट वापरणारी तीसेक घरं वर्षभर चालतील एवढी वीज एका किलोत. जागाही कमी लागते आणि धूर नाही. दिवसाला चोवीस तास, वर्षाला सरासरी ८० ते ८५ टक्के क्षमतेने संच चालतो. सोलरचा हाच आकडा २० टक्क्यांच्या आसपास असतो.

या टक्केवारीतच दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना फसवतात, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. मुलांनाही करायला द्या.

७०० मेगावॉटची एक स्वदेशी भट्टी ८५ टक्क्यांनी चालली तर वर्षाला सुमारे ५२० कोटी युनिट देते. तेवढेच युनिट सोलरमधून हवे असतील तर जवळपास ३,००० मेगावॉटची पॅनेलं लावावी लागतील. मेगावॉटला चार एकर धरले तर १२ हजार एकर. अणुऊर्जेचे समर्थक इथे थांबतात आणि म्हणतात, बघा केवढी जमीन!

पण हिशेब पुढे न्या. २०२४ या एका वर्षात देशात सुमारे २४ हजार मेगावॉटची सोलर क्षमता बसली. म्हणजे वर्षभराच्या युनिटांत बोलायचं तर आठ नव्या अणुभट्ट्यांएवढी, एका वर्षात. आणि अणुऊर्जा? तारापूरचे पहिले दोन संच १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. तेव्हापासून २०२५ पर्यंत, म्हणजे साडेपाच दशकांत, देशाची एकूण अणुक्षमता ८,८८० मेगावॉट झाली. देशाच्या विजेत तिचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. इथे सोलरवाले थांबतात आणि टाळ्या घेतात.

रात्री आठ वाजता मात्र त्या २४ हजार मेगावॉटमधून माझ्या शेड्यूलमध्ये किती धरायचे? शून्य. आणि ८,८८० मधून सात-साडेसात हजार. दोन्ही आकडे खरे, आणि दोन्ही अर्धे.

मग रात्रीचं काय, हा पुढचा प्रश्न. पाच वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी सरळ अणुवीज आणि कोळसा म्हणालो असतो. आज तसं म्हणणार नाही, कारण दरम्यान बॅटरीचा भाव पडलाय. २०२२ मध्ये दोन तासांच्या बॅटरीसाठी केंद्रीय लिलावात दर आला होता मेगावॉटला महिना सुमारे १०.८ लाख रुपये. दिवसाला एक फेरी, म्हणजे दुपारी भरायची आणि संध्याकाळी उपसायची, असं धरलं तर महिन्याला ६० हजार युनिट बॅटरीतून जातात. युनिटमागे नुसतं साठवणीचं भाडं १८ रुपये झालं! तेव्हा आम्ही हसून विषय सोडून दिला होता. २०२५ पर्यंत अशाच लिलावांत दर सव्वादोन-अडीच लाखांवर आला. तोच भागाकार करा, पावणेचार-चार रुपये येतात. त्यात अडीच रुपयांची दुपारची वीज मिळवा, साठवणीत गळणारा पंधराएक टक्के भाग धरा, तर संध्याकाळचं सोलर युनिट साधारण साडेसहा-सात रुपयांना पडतं.

आता अणुवीज. तुम्ही ऐकलेला सहा-सात रुपयांचा आकडा परदेशी भट्ट्यांच्या संदर्भात फिरतो. आपल्या ७०० मेगावॉटच्या दहा भट्ट्यांना २०१७ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हाचा अंदाजित खर्च १ लाख ५ हजार कोटी, म्हणजे मेगावॉटला १५ कोटी. सोलरला चार-साडेचार कोटी लागतात. या १५ कोटींवर व्याज-परताव्याचा वार्षिक बोजा बारा टक्के धरून, इंधन आणि देखभाल मिळवून माझा ढोबळ हिशेब युनिटला चार-पाच रुपयांवर येतो. संध्याकाळच्या बॅटरीच्या युनिटापेक्षा स्वस्तच आहे की! पण मेख इथे आहे: अणुभट्टीचं युनिट चोवीस तास घ्यावं लागतं. रात्री आठला ते सात रुपयांच्या विजेच्या जागी बसतं, दुपारी बाराला अडीच रुपयांच्या. सोलर जितकं वाढेल तितके अणुभट्टीचे दुपारचे तास तोट्यात जातील.

दुपारी थोडी कमी चालवू, रात्री वाढवू, असं तुम्ही म्हणाल. फ्रान्समध्ये करतात. आपल्याकडे अणुसंचांना तसं चालवत नाहीत, आणि त्यामागे नुसता आळस नाही. भट्टीची शक्ती एकदम कमी केली की आत झेनॉन नावाचं मूलद्रव्य साचतं. ते न्यूट्रॉन गिळतं. भट्टी बंद पडून साधारण अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उभी राहिली नाही, तर झेनॉन विरेपर्यंत दीडेक दिवस ती उठत नाही. रातपाळीत एखादा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की आम्ही केंद्रातल्या मित्रांना फोनवर विचारायचो, "आत्ता येतोय की परवा?" हा प्रश्न थट्टेचा नव्हता.

शिवाय ग्रिडच्या, म्हणजे देशभर जोडलेल्या वीजजाळ्याच्या नियमांत सोलर, वारा आणि अणुवीज या तिघांनाही आधी घ्यायचंच, अशी सवलत आहे. दुपारी वीज जास्त झाली की मागे सरतो तो कोळसा. तोही एका मर्यादेखाली सरकत नाही. संचाच्या क्षमतेच्या ५५ टक्के ही बरीच वर्षं खालची पायरी होती, २०२३ च्या नियमांनी टप्प्याटप्प्याने ती ४० वर न्यायचं ठरवलंय. कोळसा तळाला टेकला, सोलर भरात आहे, अणुभट्टी हलत नाही, मग बंद कुणाला करायचं? राजस्थानात २०२५ मध्ये याचं उत्तर मिळालं. तारांची क्षमता अपुरी पडली आणि भर दुपारी सोलर प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगावं लागलं. फुकट सूर्यप्रकाश वाया. म्हणून 'सोलर आणि अणू हातात हात घालून' वगैरे भाषणं ऐकली की मला दुपारी साडेबाराचा आलेख आठवतो. दुपारी ते एकमेकांच्या पायावर पाय देतात. त्यांची गट्टी जमते ती रात्री.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ग्रिड सांभाळायला चपळ वीज लागते आणि चपळाईत पाण्याला तोड नाही. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. आधीचा अंदाज होता की देशाची मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल. ती उतरली ३१ हजारांनी. त्या काही मिनिटांत देश अंधारात गेला नाही, त्याचं मोठं श्रेय जलविद्युत संचांचं. त्यांनी धडाधड उत्पादन खाली आणलं आणि दिवे लागताच परत वर नेलं. हे काम त्या रात्री अणुभट्टीला जमलं नसतं, आणि सोलर तर झोपलेलंच होतं. आता बॅटरी ते सेकंदाच्या आत करू शकते, हा तिचा खरा गुण आहे. स्वस्त साठवण त्यानंतर.

आपल्याकडे कोयना आहे, १,९६० मेगावॉटची. पण कोयनेचं पाणी मोजून मिळतं. पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) कृष्णा पाणीवाटप लवादाने घातलेली मर्यादा आहे. एप्रिल-मेमध्ये किती पाणी शिल्लक, हा आमच्या डोक्यावरचा कायमचा हिशेब. म्हणून आता उदंचन प्रकल्पांची चर्चा आहे: दुपारच्या फुकट विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. टाटांनी भिवपुरीला १,०००, शिरवत्याला १,८०० मेगावॉटचे आखलेत, आणखी बऱ्याच जणांनी सह्याद्रीत जागा हेरून ठेवल्यात. पश्चिम घाटात इतके खड्डे आणि बोगदे करायचे का, यावर माझ्या मनात शंका आहेत. पण रात्रीच्या विजेसाठी सगळ्यांना काही ना काही खोदावंच लागतंय, कुणाला युरेनियम, कुणाला लिथियम, कुणाला डोंगर.

ऋतूंचा प्रश्न दिवस-रात्रीपेक्षा अवघड आहे. बॅटरी दुपारची वीज संध्याकाळी नेते. जुलैची वीज ऑक्टोबरात नेत नाही. आपल्याकडे निसर्गाने एक सोय केली आहे: पावसाळ्यात ढगांनी सोलर बसतं तेव्हा साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर वारा पिसाटलेला असतो. जून ते सप्टेंबर पवनचक्क्या भरपूर देतात. पण वारा दगा देतो तेव्हा सगळीकडे एकदम देतो. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस नाही म्हणून शेतात पंप, घरात पंखे आणि एसी, आणि १ सप्टेंबरला देशाची मागणी २ लाख ४३ हजार मेगावॉटवर. महाराष्ट्रापुरतं विचाराल तर ऑक्टोबर हा लोड डिस्पॅचचा परीक्षेचा महिना. वारा पडलेला, उकाडा वाढलेला, रब्बीच्या तयारीला पंप सुरू झालेले, आणि धरणातलं पाणी उन्हाळ्यासाठी राखून ठेवायचं. अशा पंधरवड्यात ज्याच्याकडे अणूचे दोन-तीन हजार मेगावॉट हक्काचे असतील तो शांत झोपेल. अणुवीज हवी असण्याचं माझ्या मते सर्वात भक्कम कारण हेच आहे.

मात्र 'हक्काचे' हा शब्दही जपून वापरतो. फ्रान्समध्ये २०२२ साली भट्ट्यांच्या पाइपांना गंजाच्या भेगा सापडल्या. एकाच घडणीच्या भट्ट्या, म्हणून तपासणीसाठी एकाच वेळी अनेक बंद ठेवाव्या लागल्या आणि त्या वर्षी तिथलं अणुउत्पादन तीस वर्षांतल्या नीचांकावर गेलं. आपल्याकडे २००८ च्या आधी युरेनियमच कमी पडायचं. भट्ट्या निम्म्या क्षमतेने रखडत चालायच्या. त्या वर्षी अणुपुरवठादार देशांनी सवलत दिली आणि कझाकस्तान, रशियाकडून इंधन यायला लागलं तेव्हा आकडे सुधारले. परावलंबन सोलरलाही आहे, पॅनेलातले सेल आणि ते ज्यापासून बनतात ते पॉलिसिलिकॉन मुख्यतः चीनमधून येतं. फरक इतकाच की पॅनेल एकदा बसलं की पंचवीस वर्षं कुणाची परवानगी लागत नाही.

'सोलर वाढलं की ग्रिड कोसळतो' हेही तुम्ही ऐकलं असेल, स्पेनचा दाखला देऊन. २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. तिथे वीज कमी पडली नव्हती. व्होल्टेज आवाक्याबाहेर चढत गेलं, ते दाबून ठेवण्याची व्यवस्था अपुरी पडली आणि एकामागून एक प्रकल्प सुटत गेले. फिरतं जड टर्बाइन, मग ते कोळशाचं असो, पाण्याचं असो की अणूचं, हे व्होल्टेजचं काम बोलून न दाखवता करत असतं. सोलरच्या इन्व्हर्टरकडून ते काम सांगून, नियम करून, पैसे देऊन करून घ्यावं लागतं. जमतं, पण आधी ठरवावं लागतं.

आता तुमच्या दारातला विषय, जैतापूर. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेलच्या परिसरात सुमारे ९३८ हेक्टर जमीन, १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. कागदावर जगातलं सर्वात मोठं अणुकेंद्र. मी नोकरीच्या मध्यावर होतो तेव्हापासून हे ऐकतोय. २०२१ मध्ये फ्रेंच कंपनीने बांधणीचा तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव दिला, तरी तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आजही भट्टी नाही. २०१० च्या दायित्व कायद्यात अपघाताची जबाबदारी पुरवठादारावर ढकलण्याची वाट होती, तिच्यामुळे परदेशी कंपन्या बिचकत होत्या. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने 'शांती' कायदा करून ती वाट बदलली आणि खासगी कंपन्यांनाही दार उघडलं. म्हणजे कायद्याची अडचण सुटली असं धरू.

माझा आक्षेप वेगळा आहे: त्या भट्टीची बांधणी. याच जातीच्या फिनलंडमधल्या भट्टीचं बांधकाम २००५ मध्ये सुरू झालं, नियमित वीज आली २०२३ मध्ये. फ्रान्सच्या स्वतःच्या घरात, फ्लामानव्हिलला, २००७ मध्ये काम सुरू झालं, २०१२ मध्ये वीज येणार होती, ग्रिडला जोडली २०२४ च्या डिसेंबरात. ३.३ अब्ज युरोंचा खर्च १३ अब्जांच्या वर गेला. चीनने तैशानला हीच भट्टी नऊ-दहा वर्षांत उभी केली, तेव्हा दोष निव्वळ आराखड्याचा नाही. पण आपण कुणाच्या वेगाने बांधू? आपल्याच काक्रापारच्या तिसऱ्या संचाला, जो आपल्या हातचा आहे, २०१० ते २०२३ अशी साडेबारा वर्षं लागली. कुडनकुलमचा करार १९८८ चा, पहिल्या संचाची व्यापारी वीज २०१४ ची. भट्टी महाग होते ती या वर्षांमुळे. युरेनियम स्वस्तच असतं. दर वर्षाचा उशीर म्हणजे अडकलेल्या भांडवलावर आणखी एक वर्षाचं व्याज, आणि ते आपल्या बिलात चढतं. सोलर प्रकल्प दीड-दोन वर्षांत वीज विकायला लागतो.

आकड्यांच्या पलीकडचंही थोडं. सरकारी नोंदीत सडा 'पडीक' असतो. तुम्हाला सांगायला नको, त्यावर गुरं चरतात, उतारावर आंबा-काजू असतो आणि साखरी नाट्याच्या मच्छीमाराला खाडीच्या तोंडाशी गरम पाणी सोडणार म्हटलं की पोटात गोळा येतो. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर सव्वा महिन्यात, २०११ च्या एप्रिलमध्ये, तिथे गोळीबार होऊन एकाचा जीव गेला. मला स्वतःला भट्टीची भीती वाटत नाही, तारापूरला मी जाऊन राहून आलोय. पण वीस वर्षं लोकांना धड होय नाही की धड नाही नाही, जमीन घेतलेली आणि प्रकल्प नाही, असं टांगून ठेवणं मला वाईट वाटतं. आणि जमिनीच्या बाबतीत सोलरवालेही धुतल्या तांदळाचे नाहीत. माळरानाला 'पडीक' म्हणायची खोड त्यांनाही आहे. राजस्थानात माळढोक पक्ष्याच्या अधिवासातून गेलेल्या तारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

छोट्या भट्ट्यांबद्दल पटकन सांगतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांच्यासाठी २० हजार कोटी आणि २०३३ पर्यंत निदान पाच स्वदेशी भट्ट्या, तसंच २०४७ पर्यंत एकूण १ लाख मेगावॉट अणुक्षमता असं लक्ष्य मांडलं. महानिर्मितीनेही त्याच वर्षी थोरियमच्या छोट्या भट्टीसाठी रशियाच्या रोसाटोमशी सामंजस्य करार केला. होऊ द्यावं. पण लक्ष्यांचा इतिहास माहीत असावा: २००० सालापर्यंत १०,००० मेगावॉट होणार होते, प्रत्यक्षात तीन हजारही झाले नाहीत. बांधून चालवून दाखवलेली छोटी भट्टी दिसेपर्यंत मी ती शेड्यूलमध्ये धरणार नाही.

माझं मत विचाराल तर असं. पुढची पंधरा वर्षं विजेची वाढती भूक सोलर, वारा, बॅटरी आणि डोंगरातलं पाणी हेच भागवणार, कारण तेच वेळेत येऊ शकतात. अणुवीज बांधावी, पण ७०० मेगावॉटची आपली भट्टी, एकाच नमुन्याच्या आठ-दहा, एकामागून एक, शक्यतो जिथे केंद्र आधीपासून आहे तिथे. तिचं काम ऑक्टोबरच्या रात्रीचं आणि जुना कोळसा निवृत्त होईल तेव्हा त्याची जागा घेण्याचं. सहा परदेशी भट्ट्या एका सड्यावर, हा सौदा मी माझ्या पैशाने करणार नाही.

आणि या वादात कुणी बोलत नाही अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मागणी हलवणं. महावितरणच्या विजेतला तीसेक टक्के भाग शेतीपंप ओढतात. वर्षानुवर्षं आम्ही शेतकऱ्याला आलटून पालटून दिवसा आणि रात्री वीज दिली, कारण रात्री कोळशाची वीज उरायची. थंडीत, अंधारात, विंचू-सापाच्या आणि आता बिबट्याच्या भीतीत तो दारं धरायला जायचा, ते आमच्या आलेखाच्या सोयीसाठी. रातपाळीत एखाद्या गावचा फोन यायचा, "साहेब, तुम्ही कधी रात्री दोनला पाणी दिलंय का?" माझ्याकडे उत्तर नसायचं. आता सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सोलर बसवून शेतीचे फीडर (शेतीला वीज नेणाऱ्या वाहिन्या) दिवसा चालवायचं काम सुरू आहे, राज्यभर १६ हजार मेगावॉटचं. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. पंप दिवसा चालला की साठवणीची गरजच संपते. शेततळ्यात चढलेलं पाणी हीच बॅटरी, आणि तिला लिलाव लागत नाही. रात्रीचा भार उतरतो तो वेगळाच. एवढ्या मोठ्या भाराची वेळ बदलणं हे दोन-तीन अणुभट्ट्या बांधण्याच्या तोडीचं काम आहे, आणि ते गावातल्या रोहित्रापाशी होतं.

मुलांना काय सांगायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्यांना बाजू सांगू नका, आलेख काढायला लावा. राज्य भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर राज्याची मागणी आणि कुठून किती वीज येतेय हे चालू घडीला दिसतं. वर्गातल्या चार गटांना पहाटे पाच, दुपारी साडेबारा, संध्याकाळी सात आणि रात्री दहा अशा वेळा वाटून द्या आणि आकडे वहीत टिपायला सांगा. एकदा ऑगस्टमध्ये, एकदा ऑक्टोबरात, एकदा मेमध्ये. मग फळ्यावर तीन आलेख एकाखाली एक काढा आणि संध्याकाळी सातची उभी रेघ तिन्हींमधून ओढा. ऑक्टोबरच्या रेघेवर दुपारपेक्षा सोलरचे किती मेगावॉट कमी पडतायत ते मुलांनी मोजलं, की ते भरून काढायला काय, किती वर्षांत आणि किती रुपयांत मिळेल, हे त्यांनाच मांडू द्या. वर दिलेले सगळे आकडे त्यासाठी वापरता येतील.